आलेखाचे पाच नाके

नागपूरच्या झीरो माइलच्या स्तंभापाशी उभे राहून पश्चिमेकडे तोंड केले असता धरमपेठ समोर, किंचित डाव्या हाताला पडते. म्हणजे तो स्तंभ आरंभबिंदू मानून पूर्व आणि उत्तर या दोन दिशा धन धरल्या, तर लक्ष्मीभुवन चौक, गोकुळपेठेचा बाजार, ट्रॅफिक पार्क ही आमची सारी नामांकित ठिकाणे तिसऱ्या चरणात, जेथे दोन्ही निर्देशक उणे असतात अशा मुलखात जाऊन बसतात. धरमपेठेतील एका शाळेच्या सातवीच्या वर्गात शहराच्या नकाशावर चौकटींचा पारदर्शक कागद पसरला असता ही गोष्ट प्रथम उघडकीस आली, तेव्हा इंदोरा पहिल्या चरणात, सेमिनरी हिल्स दुसऱ्यात आणि महाल चौथ्यात गेल्याचे पाहून वर्गात थोडी अस्वस्थता पसरली, आणि मागच्या बाकावरून "सर, म्हणजे आपण मायनस-मायनस?" असा दुखावलेला प्रश्न आला. त्यावर दुसऱ्या एका मुलाने, जो एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असे, तत्काळ तोडगा काढला: "दगड अंबाझरीला नेऊन ठेवा ना सर, मग आपण प्लस होऊ." आरंभबिंदू निसर्गाने नेमून दिलेला नसतो, तो माणसाने आपल्या सोयीसाठी केलेला ठराव असतो, आणि ठराव बदलला की स्थळे जागची न हलताही त्यांचे निर्देशक बदलतात, हे निर्देशक भूमितीचे मूलतत्त्व त्या मुलाने एका वाक्यात मांडले होते; ते त्याला कोणी शिकविले नव्हते, आणि फळ्यावर शिकविले असते तर त्याच्या डोक्यात शिरले असते अशी हमी प्रस्तुत लेखक देऊ शकत नाही.

त्या स्तंभाला लोक हिंदुस्थानचा मध्य म्हणतात आणि इंग्रजांनी देशभरची अंतरे तेथून मोजली असे पर्यटकांना सांगतात. परंतु तेथील दगडावरील कोरीव मजकूर निराळीच साक्ष देतो. तो दगड त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचे १९०७ सालचे प्रमाण तलचिन्ह असून त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी, दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत, नोंदविलेली आहे. म्हणजे अंतराचा शून्य म्हणून ज्याची ख्याती, तो दगड स्वतः मात्र समुद्र नावाच्या दुसऱ्याच शून्यापासून मोजलेला! हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासेपासून आरंभून साखळी आणि कोनमापक यांच्या बळावर उत्तरेकडे सरकविणारे विल्यम लॅम्बटन हे नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निवर्तले. मुलांना एवढे सांगितले की नकाशावरच्या रेघा कोणीतरी चालून, मोजून, लिहून ठेवलेल्या असतात ही गोष्ट त्यांच्या मनात उतरते, आणि आलेखाच्या अध्यापनाला याहून चांगली प्रस्तावना माझ्या तरी आढळात नाही.

आपल्या शालेय पाठ्यक्रमात आलेख पायरीपायरीने येतो: सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख, आठवीत विभाजित आणि शतमान स्तंभालेख, नववीत निर्देशक भूमिती आणि दहावीत दोन चलांतील समीकरणांच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. क्रम सुविहित आहे, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, या साऱ्या पायऱ्यांवर मुलाच्या हाती आकड्यांचा तक्ता आयता येतो. कोण्या एका गावातील गव्हाचे उत्पादन, कोण्या एका दुकानातील छत्र्यांची विक्री. ते गाव मुलाने पाहिलेले नसते आणि ती छत्री त्याने उघडलेली नसते. त्याच्या वाट्याला उरते ते आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण : १ सेंमी = १० एकक' असे लिहिणे, टोकदार पेन्सिलीने ठिपके देणे आणि पट्टीने ते जोडणे. त्या कोपऱ्यातील ओळीला गुण असतात, म्हणून ती संकल्पासारखी पाठ म्हटली जाते, आणि दहांऐवजी वीस घेतले असते तर चित्राचे काय झाले असते हे विचारल्यास चांगली गुणवान मुलेही छताकडे पाहू लागतात. आलेख काढता येणे आणि आलेख वाचता येणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. पैकी पहिल्याची परीक्षा होते आणि दुसऱ्याची गरज आयुष्यभर पडते.

वास्तविक आलेख ही मानवी बुद्धीला उशिरा सुचलेली युक्ती आहे. देकार्तचा भूमितीविषयक ग्रंथ १६३७ सालचा, आणि विल्यम प्लेफेअरने ब्रिटनच्या व्यापाराचे आकडे रेघांनी व स्तंभांनी दाखविले ते १७८६ मध्ये. म्हणजे संख्या, अपूर्णांक, शून्य, बीजगणित हे सारे सिद्ध होऊन शतके लोटल्यानंतर आयात-निर्यातीची साधी रेघ कोणाला तरी काढावीशी वाटली. आपल्या जुन्या परिभाषेत क्ष-निर्देशकाला भुज आणि य-निर्देशकाला कोटि म्हणत. बाजू आणि तिच्यावर उभी राहिलेली उंची असे चित्र त्या शब्दांतच डोळ्यांसमोर येते, म्हणून ते शब्द मागे पडले याची मला हळहळ वाटते. जी युक्ती सुचायला थोरामोठ्यांना इतका अवधी लागला, ती बारा वर्षांच्या मुलाने पस्तीस मिनिटांच्या एका तासात केवळ पाहून आत्मसात करावी, ही अपेक्षा थोडी जुलमाचीच म्हटली पाहिजे.

यावर उपाय म्हणून आम्ही जे केले त्याला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत भारदस्त नावे आहेत. मुलांनी मात्र त्याला 'नाका' म्हटले आणि तेच नाव टिकले. दोन तास जोडून घ्यावयाचे, वर्गातील आणि व्हरांड्यातील पाच ठिकाणी पाच प्रकारची सामग्री मांडावयाची, मुलांचे पाच गट करावयाचे, आणि प्रत्येक गटाने आपली मुदत संपली की पुढच्या ठिकाणी सरकावयाचे. गटात एक मापणारा, एक लिहिणारा, एक घड्याळ सांभाळणारा आणि बाकीचे ठिपके देणारे; पुढच्या नाक्यावर कामांची अदलाबदल. जकातीचा दर सर्वत्र एकच होता: स्वतः मोजलेल्या आकड्यांचा तक्ता, त्यावरून काढलेला आलेख, आणि त्या आलेखाविषयी एक पूर्ण वाक्य. हे तीन दस्तऐवज दाखविल्यावाचून वर्गप्रमुख पावतीवर शिक्का मारीत नसे, आणि पावतीवाचून पुढे जाण्याची मुभा नव्हती. जकात देशातून उठली असली तरी आमच्या वर्गात तिची वसुली अत्यंत कडक होती.

पाचही नाक्यांत मला सर्वांत प्रिय तो संत्र्यांचा. गोकुळपेठेच्या बाजारातील एका भाजीवाल्याने आपला डिजिटल काटा दोन तासांपुरता दिला होता. त्यावर वेताची टोपली ठेवून तीत दोन, चार, सहा, आठ, दहा अशी संत्री घालीत जावयाचे आणि दर वेळी टोपलीसकट वजन लिहावयाचे, एवढेच काम. रिकाम्या टोपलीचे वजन करण्याला मात्र सक्त मनाई होती, आणि या मनाईचे कारण कोणालाही सांगितले नव्हते. पहिल्या गटाचे आकडे असे आले: दोन संत्र्यांना ७४० ग्रॅम, चारांना १०६०, सहांना १३४०, आठांना १६६० आणि दहांना १९५०. समप्रमाणाचा धडा नुकताच झालेला असल्यामुळे एका हुशार मुलीने दोन संत्र्यांच्या वजनावरून दहांचे वजन त्रैराशिकाने आधीच काढून ठेवले होते. तिचे उत्तर आले होते ३७०० ग्रॅम. काटा १९५० म्हणतो आणि त्रैराशिक ३७००, तेव्हा काटा बिघडला असावा असा तिने निर्वाळा दिला. तिचा पुस्तकावरचा विश्वास काट्याहून दृढ होता, आणि तसा तो असावा अशीच आपण सात वर्षे तिला शिकवण दिलेली होती.

ठिपके दिले गेले. ते नेमके एका रेषेत नव्हते, कारण झाडाला संत्री तोलून लागत नाहीत. म्हणून काळा दोरा ताणून तो ठिपक्यांच्या गर्दीतून अशा बेताने न्यावयाचा की थोडे वर राहतील, थोडे खाली, आणि मग दोऱ्याच्या रेघेवर पेन्सिल फिरवावयाची, असे ठरले. दोन संत्र्यांच्या अलीकडे तक्त्यात काहीच नव्हते, पण दोरा लांब होता. तो मागे ताणला गेला आणि उभ्या अक्षाला जाऊन भिडला, तो शून्यावर न भिडता ४५०च्या आसपास भिडला. "काहून सर? संत्रीच नाहीत तर वजन काहून?" असे एकाने विचारले, आणि त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत त्रैराशिकवाल्या मुलीने टोपलीतली संत्री भराभर बाकावर ओतली आणि रिकामी टोपली काट्यावर ठेवली. काट्याने ४५० दाखविले. त्या मुलीचा चेहरा त्या क्षणी जसा झाला, तसा तो पुढे नववीत 'य = १५० क्ष + ४५०' हे समीकरण फळ्यावरून उतरवून घेताना व्हायचा नाही. टोपली एकच असते आणि संत्री वाढतात, म्हणून टोपलीला गुणावयाचे नसते. रेषेचा चढ म्हणजे एका संत्र्याचे वजन आणि अक्षावरचा छेद म्हणजे टोपली. शिकविणाऱ्याने येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे, ते असे की, हे वाक्य आपण आधी उच्चारू नये. नाक्यावर उभे राहून गप्प बसणे हे अध्यापनातील सर्वांत अवघड कर्म आहे, आणि मला ते अजून पुरतेपणी साधलेले नाही.

त्याच नाक्यावर आणखी एक वाद उपस्थित झाला. ठिपके रेघेने जोडावे की नाही? कारण साडेतीन संत्री म्हणजे काय? "अर्धा संत्रा सोलून ठेवला तर?" अशी तडजोड निघाली, तिला "मग साल कुठे धरायचं?" अशी हरकत आली. जेथे दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेलाही काही अर्थ आहे तेथे अखंड रेघ, आणि जेथे नाही तेथे रेघ ही केवळ नजरेची सोय, हा भेद महाविद्यालयात गेल्यावर खंडित आणि अखंडित अशा नावांनी भेटतो. येथे तो सालीसकट भेटला.

पाण्याच्या नाक्यावर प्रयोगशाळेतून आणलेली तीन भांडी होती: सरळ उभ्या भिंतींचा पेला, खाली रुंद व वर निमुळते होत जाणारे शंकुपात्र, आणि गोल पोटाचा चंबू. औषधाच्या मापाने मोजून पाणी ओतावयाचे, किती मापे ओतली ते आडव्या अक्षावर आणि पाणी किती उंच चढले ते उभ्या अक्षावर. पेल्याची रेषा सरळ येते, यात नवल नाही. शंकुपात्राची रेषा प्रथम मंदगतीने आणि पुढे पुढे अधिकाधिक तीव्र चढते, चंबूची प्रथम झपाट्याने, पोटाशी संथ आणि गळ्याशी पुन्हा एकदम, आणि हे घडत असता "सर, पाणी आता जोरात चढून राहिलं!" असा ओरडा होतो, वस्तुतः ओतणाऱ्याचा हात तोच आणि माप तेच. मग आलेख उलटे करून ठेवायचे, भांडी झाकायची, आणि कोणता आलेख कोणत्या भांड्याचा हे ओळखायला दुसऱ्या गटाला सांगायचे. माठ, सुरई, कळशी, तांब्या यांचे आलेख घरून काढून आणण्याची हौस या नाक्यानंतर आपोआप लागते. घरच्या मंडळींची थोडी तक्रार येते, ती सोसावी.

उदबत्तीच्या नाक्यावर दर दोन मिनिटांनी उरलेली लांबी मोजावयाची. रेषा खाली उतरते, आणि उतरणारी रेषाही तितकीच सरळ असू शकते ही गोष्ट मुलांना नवी असते. अठरा सेंटिमीटरची उदबत्ती मिनिटाला अर्धा सेंटिमीटर या हिशेबाने जळत होती. दहा मिनिटांचे ठिपके देऊन गटाने रेषा पुढे वाढविली आणि ती ३६व्या मिनिटाला विझेल असे भाकीत लिहून ठेवले. ती ३७व्याला विझली. पुढच्या गटाच्या वेळी कोणीतरी पंखा लावला, तर मिनिटाला सहा मिलिमीटर जळू लागली, रेषा अधिक तीव्र उतरली आणि विझण्याची वेळ तिसाव्या मिनिटावर आली. चुकून लागलेल्या त्या पंख्याने उताराचा अर्थ माझ्यापेक्षा अधिक स्पष्ट केला, म्हणून पुढल्या वर्षीपासून तो मी मुद्दाम लावू लागलो. विस्तवाचे काम असल्याने या नाक्यावर वाळूने भरलेली कुंडी आणि एक मोठे माणूस, दोन्ही हवीत.

व्हरांड्यात मीटरमीटरवर खडूच्या खुणा केलेल्या होत्या. तेथे चिठ्ठी उचलावयाची, तीवर वेळ आणि अंतर यांचा एक आलेख काढलेला असे, आणि तो चालून दाखवावयाचा: येथे सावकाश, येथे थांब, येथे झपझप परत. आडवी रेषा आली की मुले प्रथम सरळ चालू लागतात, सपाट रेषा म्हणजे सपाट रस्ता असे त्यांना वाटते, आणि घड्याळवाला "अरे, तू थांबला आहेस!" असे ओरडतो तेव्हा कुठे पाय थबकतात. एका चिठ्ठीवर मुद्दाम उभी रेषा काढून ठेवलेली होती. ती मिळालेला मुलगा बराच वेळ खुणांकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "एकाच वेळी सगळीकडे उभं राहायला नारदमुनीच पाहिजे सर." त्याच्या पावतीवर ताबडतोब शिक्कामोर्तब झाले.

याच नाक्यावरून मला आमच्या शहराच्या एका जुन्या व्यवसायाची आठवण होते. नागपूर हे मध्य रेल्वे आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे अशा दोन रेल्वेंच्या विभागांचे मुख्यालय. तेथील कंट्रोल ऑफिसात बसणारे कर्मचारी पिढ्यान्‌पिढ्या एका मोठ्या आलेख कागदावर गाड्या चालवीत असत. आडव्या अक्षावर घटका, उभ्या अक्षावर अंतराच्या प्रमाणात स्टेशने, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. मेलची रेघ तीव्र, मालगाडीची लोळणारी, थांबा असेल तेथे आडवी. दोन रेघा जेथे छेदतात तेथे दोन गाड्यांची गाठ पडणार, म्हणून तो छेद स्टेशनातच आला पाहिजे, दोन स्टेशनांच्या मध्ये येता कामा नये; एकेरी मार्गावर या एका बिंदूवर शेकडो जिवांचा भरवसा असे. पॅरिस ते लिओं या मार्गाचा असा आलेख फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांच्या १८८५ सालच्या पुस्तकात छापलेला आहे. दहावीतील एकसामयिक समीकरणे सोडविणाऱ्या मुलांपैकी ज्यांचे आजोबा रेल्वेत होते, त्यांना या छेदबिंदूचे महत्त्व पुस्तकाने सांगण्याची गरज नसावी.

आडव्या रेषेची जी गफलत वर सांगितली ती आमच्याच मुलांची नव्हे. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथील शेल सेंटरने १९८५ मध्ये माल्कम स्वान यांचे आलेखांच्या भाषेविषयीचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात मुले आलेखाला चित्र समजतात या दोषाचा विचार केंद्रस्थानी आहे. आमच्या वर्गात सेमिनरी हिल्सवर सायकल चढवून उतरण्याचा वेगाचा आलेख काढावयास सांगितला, तर बहुतेक वह्यांत एक सुबक टेकडी उगवली: चढावर रेघ वर, माथ्यावर सपाट, उतारावर खाली. वस्तुतः चढावर वेग मंदावतो आणि उतारावर वाढतो, तेव्हा रेघेला टेकडीच्या उलट, दरीसारखे व्हावयास हवे. ज्या मुलांनी व्हरांड्यात आलेख चालून दाखविला होता त्यांतील पुष्कळांनीही टेकडीच काढली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे, फरक इतकाच की, "तुझा पाय कुठे दुखला?" एवढे विचारताच त्यांनी आपला आलेख आपणहून खोडला.

पाचवा नाका वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा. मे महिन्यातील पंधरा दिवसांचे नागपूरचे कमाल तापमान, सोनेगावच्या वेधशाळेने नोंदविलेले. एकदा उभा अक्ष शून्यापासून काढावयाचा आणि एकदा चाळीसपासून. पहिल्या कागदावर उन्हाळा सपाट पठारासारखा दिसतो, दुसऱ्यावर तोच उन्हाळा सातपुड्यासारखा चढउतार करू लागतो, आणि आकडा एकही बदललेला नसतो. रेघेच्या आलेखात अक्ष कोठूनही सुरू करण्याची मोकळीक आहे, मात्र तसे स्पष्ट दाखविले पाहिजे. स्तंभालेखात ती मोकळीक नाही, कारण तेथे स्तंभाची लांबी हेच विधान असते आणि खालून स्तंभ कापणे म्हणजे अर्धे विधान कापणे होय. जाहिराती आणि निवडणुकीच्या काळातील पत्रके पाहणाऱ्या प्रौढांनीही या नाक्यावर घटकाभर थांबण्यास हरकत नाही.

ही पद्धत कोणी नव्याने शोधून काढलेली नाही. नागपूरहून आगगाडीने दीड तासाच्या आत वर्धा येते. तेथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम निघाली, आणि हस्तोद्योगाच्या अनुषंगाने गणित शिकावे हा तिचा गाभा होता. एकेकाळी जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर हीच ज्याची राजधानी होती त्या प्रांतात, मोडणाऱ्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावाद वर्गाच्या फरशीवर उतरवून दाखविला, तो पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी गेल्या. आणि अगदी घराशेजारी, शंकरनगरच्या राष्ट्रभाषा संकुलात, महापालिकेच्या शाळांतील मुले अपूर्व विज्ञान मेळाव्यात साध्या, स्वस्त वस्तूंचे प्रयोग मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगतात. टेबलामागे मूल आणि टेबलापुढे प्रौढ, ही त्या मेळाव्याची मांडणी मला फार मोलाची वाटते.

परंतु मेळावा आणि तास यांत भेद आहे, आणि तो विसरल्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात पाचही नाके एकाच दिवशी लावले. मुले आनंदाने बेहोष झाली, संत्री एका नाक्यावरून दुसऱ्यावर फिरू लागली, चंबू फुटला, शेजारच्या वर्गातून दोनदा निरोप आला, आणि घंटा झाली तेव्हा माझ्या हाती पुष्कळ रंगीत कागद आणि फारच थोडी वाक्ये उरली. दुसऱ्या दिवशी तक्ता न दाखविता केवळ आलेख दाखवून संत्र्याच्या नाक्यावर काय झाले असे विचारले, तर "मजा आली" याहून अधिक उत्तर मिळेना. जत्रा पार पडली होती, गणित झाले नव्हते. तेव्हापासून एका दिवशी तीनहून अधिक नाके लावावयाचे नाहीत, आणि शेवटची वीस मिनिटे सामग्री आवरून केवळ बोलण्यासाठी राखावयाची, असा दंडक घातला. सगळे आलेख भिंतीवर शेजारीशेजारी टांगावयाचे आणि विचारावयाचे: यांतला कोणता आरंभबिंदूतून जातो आणि का? पेल्याचा जातो, संत्र्याचा जात नाही, उदबत्तीचा तर उंचावरून सुरू होतो. माझ्या मते सारे शिकणे त्या वीस मिनिटांत घडते. नाके केवळ त्या बोलण्यासाठी दारूगोळा जमवितात. ज्या शाळेत ही वीस मिनिटे देणे शक्य नाही तिने नाक्यांच्या खटपटीत न पडता फळ्यावरच शिकवावे, त्यात कमीपणा नाही.

खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. काटा उसना मिळतो, भांडी प्रयोगशाळेत असतात, कात्रणे रद्दीतून निघतात, आणि संत्री तासाअखेर मुलेच खातात. अडचण एकच, ती ऋतूची. आंबिया बहराची संत्री साधारणतः ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. धडा जर जुलैत आला, तर गोकुळपेठेत संत्री मिळणार नाहीत. अशा वेळी बटाटे घ्यावेत. टोपली मात्र हवीच, आणि ती आधी तोलू देऊ नये.